साडीच्या दोरीची शेवटची गाठ

“गाठी बघू नको ज्योती, तोंडं बघ,” असं आत्याबाई मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, जनकाबाई. मी तेव्हा सम्यकची पाण्याची बाटली, दोन रुमाल, जादा चड्डी, उन्हाची टोपी आणि खरचटलं तर लावायचं मलम असं सगळं एका पिशवीत कोंबत होते. अंगणवाडी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, पण माझं तसंच आहे.

“अहो आत्याबाई, एका गाठीला एक लेकरू. सगळ्या गाठी भरल्या की सगळी लेकरं आली. चुकायला जागाच नाही,” मी म्हणाले.

“बराबर,” त्या म्हणाल्या आणि सुपातली तूर पाखडत राहिल्या.

त्या ‘बराबर’चा अर्थ मला पुढच्या पंधरवड्यात कळला. पण आधी गाठींचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्ही लेकरं बांधून ठेवतो. तसं त्या दिवशी बऱ्याच जणांना वाटलंच.

आमच्या खैरवाडीत गाव रस्त्याच्या अलीकडं आणि तांडा पलीकडं. सेनगावला जाणाऱ्या जीपगाड्या मधून सुसाट जातात. अंगणवाडी पूर्वी तांड्याच्या तोंडाशी पत्र्याच्या खोलीत भरायची. मग वरून ठरलं, की पहिली सहा वर्षं हीच लेकराची खरी घडायची वर्षं. तेव्हा अंगणवाडी, शाळा आणि आरोग्य उपकेंद्र यांनी आपापल्या तोंडानं तीन दिशांना न जाता एकत्र चालावं. अंगणवाडी शाळेच्या आवारात यावी, लेकराला पहिलीच्या वर्गाची ओळख आधीच व्हावी, सिस्टरनं तिथंच येऊन वजन आणि लस बघावी. हिंगोलीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली आणि लेकराच्या शिंकेवरही तीन व्हिडिओ बघणारी मी, मला तर हे सगळं फार पटलं. पर्यवेक्षिका संध्या मॅडम बैठकीत म्हणाल्या, “याला अभिसरण म्हणतात.”

आत्याबाईंनी मला कोपरानं ढोसलं. “काय म्हन्तात?”

“सगळ्यांनी मिळून काम करायचं, असं,” मी कुजबुजले.

“मग तसंच काहून म्हनून न्हाई राहिल्या?”

मुख्याध्यापक हरीश सरांनी तर उत्साहानं शाळेच्या भिंतीवर ‘प्रारंभिक बाल्यावस्था संगोपन व शिक्षण’ असं रंगवून घेतलं. पेंटरनं अक्षरं इतकी ऐसपैस काढली, की ‘संगोपन’ला भिंत संपली आणि ‘व शिक्षण’ वळसा घालून बाजूच्या भिंतीवर, मुतारीकडं गेलं. सर म्हणाले, “असू द्या. पोरं शोधत शोधत जातील.”

अडचण एकच निघाली. तांड्यातली लेकरं रस्ता ओलांडून आणायची कोणी? पूर्वी मदतनीस पारुबाई घरोघर हाका मारत त्यांना गोळा करायची. आता शाळेचा आणि अंगणवाडीचा स्वयंपाक एकाच खोलीत होऊ लागला आणि ती सकाळपासून तिथं गुंतली. शेवटी आम्ही आयांनी पाळ्या लावून घेतल्या. पारुबाईनं आपली एक जुनी साडी फाडली, वेणी घालतात तशी तिची लांब दोरी वळली आणि हात-हात अंतरावर गाठी मारल्या. पुढं बाई, मागं दोरी, एकेका गाठीला एकेक मूठ. लेकरांना ती आगगाडी वाटते. ‘झुकझुक’ करत ती रस्ता ओलांडतात तेव्हा जीपवाले सुद्धा ब्रेक मारून हॉर्न वाजवतात. पहिली गाठ नेहमी माझ्या सम्यकची, कारण मी त्याला पाळीच्या दिवशी तांड्यापर्यंत बरोबर नेते. घरी ठेवला तर आत्याबाई त्याला चहा पाजतात.

तर तो मार्चमधला दिवस. शिवारात हळद निघत होती. काढणारी माणसं बाहेरून आली होती आणि हळद शिजवायचे कुकर दिवसभर वाफ सोडत होते. गावभर तो ओला, उग्र वास. संध्या मॅडम त्याच दिवशी अभिसरण बघायला येणार होत्या. सिस्टर येणार होत्या. सरांनी अंगणात सडा घातला होता. मी नवा हिरवा ड्रेस घातला होता आणि तांड्याच्या चौकात उभी राहून ओरडत होते, “चला, चला, गाडी सुटली!”

लेकरं धावत आली. कोणाच्या तोंडाला भाकरीचा काला, कोणाच्या एकाच पायात चप्पल. सम्यकनं पुढची गाठ धरली. जरा ओढाताण झाली, मग शांत झालं. मी मागं वळून बघितलं. प्रत्येक गाठीवर एक मूठ. शेवटच्या गाठीवर सुद्धा.

शेवटची गाठ तांड्यातल्या लखमा आजोबांच्या नातवाची. तो आदल्या दिवशीच मामाकडं नरसीला गेला होता. हे मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण गाठ भरलेली होती.

शाळेत पोहोचलो. लेकरं गोलात बसली. अंगणवाडी सेविका पल्लवीताई हजेरी घेत घेत शेवटच्या लेकराशी आली आणि थांबली.

“ही कोनाची, ज्योतीताई?”

मी बघितलं. चारेक वर्षांची पोरगी. मोठ्या माणसाचा शर्ट घातलेला, बाह्या दुमडून दुमडून खांद्यापर्यंत. समोरचा एक दात अर्धा. साडीची दोरी अजून मुठीत घट्ट.

“तांड्यातलीच असेल,” मी म्हणाले. “दोरीला होती.”

“तांड्यातली मला समदी ठाऊक हायेत. ही आपली न्हाई.”

पारुबाईला स्वयंपाकाच्या खोलीतून हाक मारली. ती हात पुसत आली, पोरीकडं वाकून गोरमाटीत, म्हणजे तांड्याच्या बोलीत, काहीतरी बोलली. पोरगी हळूच बोलली, “निलू.” एवढंच. पुढं काय विचारावं तर तिची नजर पातेल्याकडं.

“बोली आमचीच हाय,” पारुबाई म्हणाली, “पन लेकरू आमच्या तांड्याचं न्हाई.”

तेवढ्यात संध्या मॅडम आल्या, सिस्टर आल्या, सरही आले आणि आमचं अभिसरण सुरू झालं. पल्लवीताई म्हणाली, हिचं नाव माझ्याकडं नाही, हजेरी कशी लावू. सर म्हणाले, पहिलीला असती तर मी लगेच बसवली असती, पण ही चार वर्षांची. सिस्टर म्हणाल्या, कार्ड कुठल्या गावचं आहे ते कळल्याशिवाय लस कशी देऊ. तिघंही बरोबर बोलत होते, आणि तिघंही बोलता बोलता एकेक पाऊल मागं सरकत होते. पोरगी मधोमध एकटी उरली.

मग माझं लक्ष तिच्या हातांकडं गेलं. पिवळे. नखं पिवळी, तळवे पिवळे, मनगटापर्यंत पिवळे. आणि त्या हातात माझ्या सम्यकचा हात!

“सिस्टर,” मी ओरडलेच, “कावीळ! ही कावीळ आहे! सम्यक, हात सोड! तोंडाला लावू नको!”

मॅडम खुर्चीवरून उठल्या. सरांनी जवळच्या दोन लेकरांना मागं ओढलं. सिस्टरनी शांतपणे पोरीची पापणी खाली ओढून बघितली, जीभ बघितली आणि मला म्हणाल्या, “डोळे दुधासारखे आहेत ताई. हात धुवायला लावा आधी.”

आमच्याकडं जेवणाआधी हात धुवायचं एक गाणं आहे. लेकरं ते म्हणत रांगेनं नळाशी गेली. निलूला गाणं येत नव्हतं, पण साबण कसा चोळायचा ते तिनं सम्यककडं बघून उचललं. खालच्या घमेल्यातलं पाणी पिवळंधमक झालं आणि वास आला, शिवारातून चार दिवस येत होता तोच.

“हळद!” पल्लवीताई हसत सुटली. “ज्योतीताई, तुमी तर पोरीचं लगीन लावायच्या आधीच तिला दवाखान्यात धाडलं असतं.”

सगळे हसले. मीही हसले, पण सम्यकचे हात पुन्हा एकदा धुतले.

जेवणाला मटकीची उसळ आणि भात होता. निलू ताटाला अशी भिडली, की भाताचं शीत उरलं नाही. शेजारी सम्यक. माझा सम्यक दोन घास खातो आणि ‘पोट भरलं’ म्हणून ताट सरकवतो. मी त्याच्यामागं घरभर वाटी घेऊन फिरते. त्यानं तिच्याकडं बघितलं, आपल्या ताटाकडं बघितलं आणि खायला लागला. तिनं परत मागितलं, त्यानंही मागितलं. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. नेमका तेव्हाच पर्समधला मोबाइल वाजला. गावच्या ग्रुपवर निरोप होता, किराणा दुकानवाल्या स्वप्निलनं पुढं पाठवलेला.

*सावधान!! तांड्याकडून एक अनोळखी बाई लहान लहान लेकरं दोरीला बांधून घेऊन जाताना बाहेरगावच्या जीपवाल्यानं पाहिली आहे. एक मुलगी गायब. आपापली लेकरं सांभाळा. पुढे पाठवा.*

मी सम्यकला ताटावरून उचललं, छातीशी धरलं आणि म्हणाले, “सर, गेट लावा! आतून कडी घाला! गावात पोरं पळवणारी बाई शिरली आहे!”

“कुठली बाई?” मॅडम म्हणाल्या.

“माहीत नाही, आत्ताच निरोप आला. दोरीला बांधून नेते म्हणे. देवा रे, आणि मी आत्ताच त्याच रस्त्यानं आले!”

मोबाइल पुन्हा वाजला. स्वप्निलचाच. *ताजी माहिती: बाईच्या अंगात हिरवा ड्रेस आहे.*

पल्लवीताईनं माझ्या हातातून मोबाइल घेतला. दोन्ही निरोप वाचले. मग मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या साडीच्या दोरीकडं बघितलं.

“ज्योतीताई,” ती म्हणाली, “तुमच्या अंगावर कोनता रंग हाय?”

मला कळायला जरा वेळ लागला. सम्यकला आधी कळलं. “मम्मी, तूच हिरवी आहेस,” तो म्हणाला.

मी खाली बसले. हसायचं की रडायचं ते ठरवायला सवड मिळाली नाही, कारण गेटाशी गलका ऐकू आला. पुढं एक तरुण बाई, पदर खोचलेला, हातात हळद खणायची कुदळ तशीच. मागं तिचा नवरा. त्याच्यामागं मोटारसायकलवर हळदीच्या टोळीचा मुकादम शंकरसिंग. मागं अर्धा बाजार. आणि या सगळ्यांच्या पुढं, वाट दाखवत, आमच्या आत्याबाई.

“या, या,” त्या सांगत होत्या, “तुमाला चोरणी पाह्यची ना? दावते. ही पाहा. बी.एस्सी. झालेली हाय.”

“आत्याबाई!” मी म्हणाले.

“काय आत्याबाई? स्वप्निलच्या दुकानात हे रडून राहिले होते. हिरवा ड्रेस म्हनलं, दोरी म्हनलं. म्या म्हनलं, ती तर माझी सून.”

त्या तरुण बाईला हे काहीच ऐकू येत नव्हतं. तिनं निलूला बघितलं. पोरगी भाताचा घास तोंडात घेऊन म्हणाली, “याडी!” याडी म्हणजे आई. बाईच्या हातून कुदळ पडली. तिनं धावत जाऊन पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि लगेच तिला असं कवटाळलं, की निलूच्या तोंडातला घास बाहेर आला.

मी पुढं होऊन हात जोडले. “बाई, माझं चुकलं. दोरीची गाठ भरलेली दिसली आणि मी...”

ती माझ्याकडं वळली. मिरा तिचं नाव, हे मागून कळलं. ती माझ्यावर ओरडेल म्हणून मी मान खाली घातली होती. ती ओरडली नाही.

“म्या आधी कुकरात पाह्यलं,” ती म्हणाली.

वाफ सोडणारा, उकळणारा कुकर मी रस्त्यावरून रोज बघत होते. त्याच्या झाकणात वाकून आपलं लेकरू शोधायचं, हे माझ्या मनात आलं. मी काविळीला भ्यायले होते.

निलूचा बाप देविदास हळू आवाजात सांगू लागला. ते जिंतूरकडचे. घरी म्हातारी होती ती वारली, तेव्हापासून पोरगी बरोबरच. “शेतात दोघंबी राबतो मॅडम. ही कुकराच्या बाजूला बाजेवर बसती. पायाला सुती दोरी लावतो, लांब जाऊ नये म्हनून. आज सोडून घेतली तिनं.”

म्हणजे पोरगी एका दोरीतून सुटली आणि दुसरी धरून आली होती. बाजेवरून तिला आमची आगगाडी रोज दिसत असणार.

“चला,” शंकरसिंग म्हणाला, “लेकरू भेटलं ना? कुकर थंडा होऊन राहिला. देविदास, चल.”

मिरानं निलूला कडेवर घेतलं. निलूनं ताट सोडलं नाही. ताट घेऊनच वर गेली. आणि मला दिसत होतं, की ही आता थेट त्या बाजेवर जाणार, त्या वाफेच्या बाजूला.

“थांबा,” मी म्हणाले. माझा आवाज इतका मोठा निघाला की मलाच दचकायला झालं. “पोरीला इथं राहू द्या. दिवसभर. तुमचं काम चालू आहे तोवर.”

“आनील कोन? नेईल कोन?” शंकरसिंगनं विचारलं. “हिची माय आनत बसली तर खाडा पडंल.”

“मी आणते. दोरी शेताच्या बांधापर्यंत नेऊ.”

पल्लवीताईनं मॅडमकडं बघितलं. “मॅडम, हिचं नाव आपल्याकडं...”

अभिसरण बघायला आलेल्या बाईला ते असं अंगावर येईल असं वाटलं नसावं. पण बाई चांगली. त्या म्हणाल्या, “नाव नसलं तर आणायचं. लेकरू ज्या गावात आहे त्या गावाची अंगणवाडी त्याची. मोबाइलमधून नाव हलवता येतं. तिच्या गावच्या सेविकेला फोन लावा.”

“निरोप कसेबसे येतात मॅडम, पन बोलायला रेंज न्हाई.”

“कुठं येते?”

“टाकीवर.”

मग आमच्या गावानं एक दृश्य बघितलं. पर्यवेक्षिका संध्या मॅडम पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर उभ्या, एका हातानं पदर सांभाळत, दुसऱ्या हातानं फोन कानाला लावून जिंतूरकडच्या कोणा सेविकेला ओरडून सांगताहेत, “निलम! निलम देविदास! हो, हळदीला आलेली! सोडा तिला तुमच्याकडून!” खाली माझा नवरा प्रेमानंद उभा. तो लाइनमन आहे. कोणीतरी त्याला सांगितलं होतं, की तुझ्या बायकोला पब्लिकनं धरलं. तो खांबावरून उतरून तसाच, पट्टा कमरेला, धावत आलेला. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, “ज्योती, तू लेकरं पळवायला निघालीस तर निदान आपल्या सम्यकसारखं न खाणारं तरी नको आणू. ही बरी आणलीस.”

इकडं हरीश सर विचार करत होते. “अंगणवाडी दुपारी सुटते. शेतातून माणसं येतात दिवस मावळताना. मधल्या वेळात?” मग स्वतःच म्हणाले, “माझ्या पहिलीत बसू द्या. शाळा सुटेपर्यंत. बसली तर बसली, झोपली तर झोपली. मागच्या बाकावर तिघं तसेही झोपतात.” शाळा सुटल्यावर दिवस मावळेपर्यंत पारुबाई तिला आपल्या घरी नेणार होती. सिस्टरनी मिराला विचारून विचारून दोन राहिलेल्या लसी शोधून काढल्या आणि “पुढच्या वेळी घेऊन येते” म्हणाल्या. या वेळी कोणी मागं सरकलं नाही.

पण मिरा हो म्हणत नव्हती. ती पोरीला धरून उभी. आम्ही सगळ्यांनी तिला समजावलं. मॅडमनी मेंदूच्या वाढीचं सांगितलं, सरांनी पहिलीचं सांगितलं, मी कुकरच्या वाफेचं सांगायला गेले आणि तिचा चेहरा बघून गप्प झाले. ती पारुबाईला गोरमाटीत काहीतरी म्हणाली. पारुबाई हसली.

“काय म्हणते?” मी विचारलं.

“म्हन्ती, ही हिरवी बाई रोज असंल तर धाडते. जी चोरताना घाबरली, ती संभाळताना बी घाबरंल. मला घाबरनारीच पाह्यजे.”

माझ्या घाबरटपणाचं आजवर कोणी कौतुक केलं नव्हतं. आत्याबाईसुद्धा म्हणाल्या, “घ्या. मिळालं गिऱ्हाईक.”

दुसऱ्या दिवसापासून आगगाडी लांब झाली. इतर आया जरा कुरकुरल्या, की बांधापर्यंत कोण ढेकळं तुडवणार. मग मी माझी पाळी रोजचीच करून टाकली. पारुबाईनं दोरीला आणखी एक गाठ मारली, कारण लखमा आजोबांचा नातू नरसीहून परत आला आणि आपली गाठ मागू लागला. दोघांत दोन दिवस मारामारी झाली, तिसऱ्या दिवशी गट्टी. मी आता रोज एकेकाची हनुवटी वर करून तोंड बघते. लेकरांना वाटतं हा खेळाचाच भाग आहे. ती जीभ काढून दाखवतात.

निलूनं हात धुवायचं गाणं उचललं, पण त्यात आपले शब्द घातले. पहिलीच्या वर्गात ती सरांच्या खुर्चीखाली बसायची. सरांनी ‘क’ काढला की खालून ‘क’ ऐकू यायचा. सिस्टर आल्या तेव्हा सुई बघून सम्यक रडला, निलू नाही. तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. एकदा मिरा दुपारी अर्धी सुट्टी काढून नुसती बघायला आली. खिडकीतून बघत राहिली. मी “आत या की” म्हटलं तर म्हणाली, “नको ताई. मला पाह्यलं की ती मोठ्यानं रडंल, आन म्या बी.” सम्यक त्या दिवसांत पूर्ण ताट संपवत होता. मी वाटी घेऊन फिरायचं विसरून गेले. हे आत्याबाईंनी तीन घरी जाऊन सांगितलं.

आमच्याकडची हळद संपली. कुकर ट्रॅक्टरवर चढले. शंकरसिंगची टोळी वसमतकडं निघाली, हट्ट्याच्या शिवारात. निघायच्या सकाळी मी नेहमीसारखी बांधावर गेले तर निलू शर्टाच्या बाह्या दुमडून तयार, आणि मागं ट्रॅक्टर सुरू. ती दोरी धरायला आली. मिरानं तिला उचलून वर, सामानावर बसवलं. निलूला वाटलं ही मोठी आगगाडी. ती हात हलवत, ‘झुकझुक’ करत गेली. बरं झालं. नाहीतर मला तिथं उभं राहता आलं नसतं.

पल्लवीताईनं तिचं नाव मोबाइलमधून पुढं पाठवायची तयारी केली आहे. मॅडमनी तिकडच्या मॅडमना फोन केला. त्यांनी “बघायला सांगते” असं चांगलं सांगितलं. मिराचा नंबर माझ्याकडं आहे, पण तो सारखा बंद लागतो. टोळीत चार्जिंगची सोय कुठून असणार. हट्टा मोठं गाव. तिथं अंगणवाड्या किती, आणि शिवार कुठवर पसरलेलं! कुकर कुठल्या शेतात लागलाय, जवळची अंगणवाडी कोणती, हे कळल्याशिवाय पल्लवीताई तरी नाव कुठं धाडणार? नाव बोटानं हलतं. लेकराला मात्र कोणीतरी हाताला धरूनच न्यावं लागतं, आणि त्यासाठी बाजेपर्यंत चालत जावं लागतं.

सम्यक जेवताना विचारतो, “निलू जेवली असेल?” मी हो म्हणते. मला माहीत नसतं.

म्हणून हे लिहिलं. तुम्ही हट्ट्याचे असाल, किंवा तुमची बहीण, मावशी, सोयरे तिकडं दिले असतील, किंवा नुसते वसमतला जाता-येता तिकडून जात असाल, तर एवढं करा. शेतात हळदीच्या कुकरची वाफ दिसली की जरा वाट वाकडी करून जा. मोठ्या माणसाचा शर्ट घातलेली, अर्ध्या दाताची पोरगी आहे का बघा. नाव विचारलं तर लगेच सांगणार नाही. आधी तुमच्या पिशवीत काय आहे ते बघेल. ती बाजेवर बसलेली आहे, की अंगणवाडीत जाते, तेवढं फक्त बघा आणि खैरवाडीच्या अंगणवाडीत पल्लवीताईला कळवा. रेंज नसली तर पुन्हा लावा. आम्ही टाकीवर चढून थांबतो.